लाईट गेली तरी हिशोब जाऊ नये : दुकानातल्या कॉम्प्युटरची पॉवर सेटिंग एकदाच नीट लावा



जुलै महिना, भात लावणीचे दिवस, पौडजवळचं एक कृषी सेवा केंद्र. दुकान दादा बघतात आणि बिलिंग-हिशोब वहिनी. सकाळी साडेआठला वहिनींनी कॉम्प्युटर चालू केला, अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं आणि स्क्रीनवर एरर आली. कंपनी उघडेना. दुरुस्तीचा पर्याय चालवून बघितला, पण काही उपयोग झाला नाही. शेवटचा बॅकअप अकरा दिवसांपूर्वीचा होता.

अकरा दिवस म्हणजे ऐन लावणीतले अकरा दिवस! खत, बियाणं, औषधं, आणि त्यातली निम्मीअधिक विक्री उधारीवर. आपल्याकडे भात घरात आला की उधारी मिटते. तोपर्यंत कोणाकडे किती बाकी आहे, हे त्या कॉम्प्युटरलाच माहीत. बिलं थर्मल प्रिंटरवरची, दुसरी प्रत ठेवलेली नाही. शेवटी वहिनींनी एकेका गिऱ्हाईकाला फोन केले, "दादा, तुमच्याकडचं बिल ठेवलंय का हो?" लोक चांगले. कोणी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं बिल आणून दिलं, कोणी फोटो पाठवला. पावसात भिजून दोन-चार बिलं पुसली गेली होती. हिशोब जुळवायला तीन आठवडे लागले आणि काही रक्कम कायमची गेली.

मी तिथे गेलो तेव्हा दादांचा पहिला प्रश्न होता, "सर, व्हायरस होता का?"

व्हायरस नव्हता. कोणी चूकही केली नव्हती. ज्याने त्याने आपापल्या जागी बरोबरच काम केलं होतं, आणि म्हणूनच ही गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते.

नेमकं झालं काय?

दुकान बंद करताना वहिनी कॉम्प्युटर शटडाऊन करत नसत, स्लीपवर टाकत. कारण साधं आहे. सकाळी गिऱ्हाईक दारात उभं असतं, स्लीपमधून बिलिंगची स्क्रीन लगेच येते. सोय म्हणून बरोबर.

त्याआधी काही महिने सी ड्राइव्ह भरला होता. एसएसडी १२८ जीबीची. दुरुस्तीवाल्या मुलाने जागा मोकळी करायला हायबरनेशन बंद करून टाकलं. त्यानेही सांगितलेलं कामच केलं. विंडोज हायबरनेशनसाठी डिस्कवर एक मोठी फाईल राखून ठेवतं, साधारण रॅमच्या ४० टक्के आकाराची. ८ जीबी रॅम असेल तर तीन जीबीपेक्षा जास्त जागा तिथे जाते. ती जागा मोकळी झाली, सगळे खूश.

आणि दुकानात यूपीएस होता. म्हणून दादा निश्चिंत.

आता हे तीन धागे जोडा. रात्री लाईट गेली. स्लीपमध्ये कॉम्प्युटर पूर्ण बंद नसतो, रॅमला वीज लागतेच. यूपीएसने काही वेळ ती पुरवली, मग बॅटरी संपली. रॅममध्ये होतं ते सगळं पुसलं गेलं. सॉफ्टवेअरची डेटा फाईल उघडी होती, ती अर्धवट अवस्थेत राहिली. हायबरनेशन चालू असतं, तर डेस्कटॉपवर 'हायब्रिड स्लीप' नावाची सोय कामाला आली असती. त्यात स्लीपवर जाताना रॅमची एक प्रत डिस्कवरही लिहिली जाते. पण हायबरनेशन बंद केलं की हायब्रिड स्लीपही बंद होते, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

या तिघांचं एकमेकांशी कधी बोलणंच झालं नाही. पॉवर सेटिंग हा विषय असाच आहे. तो कोणाचाच नसतो.

मुळशीत हा विषय जास्त महत्त्वाचा का?

आपल्या तालुक्याचं आणि विजेचं नातं जुनं आहे, थोडं कडूही आहे. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळशीचं धरण बांधायचं ठरलं, आणि १९२१ साली इथल्या शेतकऱ्यांनी जमिनी वाचवायला सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यातून. लढा १९२४ पर्यंत चालला. तरीही धरण झालं, गावं पाण्याखाली गेली. मुळशीचं पाणी सह्याद्रीतून पश्चिमेला उतरून कोकणात भिऱ्याला जातं. तिथलं वीजघर १९२७ साली सुरू झालं आणि वीज गेली मुंबईला. पाणी इथलं, उजेड तिकडे.

आज पिरंगुट, उरवडे, भूगाव, भुकूम या पट्ट्यात वर्कशॉप, गोडाऊन, हॉटेलं, दुकानं दाटलीत. हिंजवडीसुद्धा मुळशी तालुक्यातच येतं. पण ताम्हिणीच्या बाजूला जा. पाऊस सुरू झाला की फांदी तारेवर पडते, वीज कडाडते, लाईट जाते, येते, परत जाते. शिवाय पुणे परिसरात गुरुवार म्हणजे देखभालीसाठी वीज बंद राहण्याचा वार, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे.

कॉम्प्युटरच्या डीफॉल्ट सेटिंग बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तुमचं दुकान नव्हतं. म्हणून ते काम आपल्याला करायचंय.

आधी चार शब्द समजून घ्या

१. स्लीप : स्क्रीन, डिस्क, प्रोसेसर झोपतात. रॅम जागी असते. दोन-तीन वॉट वीज लागते. लगेच उठतो. पण वीज तुटली की रॅममधलं गेलं.

२. हायबरनेट : रॅममध्ये जे आहे ते डिस्कवर लिहून ठेवतो आणि पूर्ण बंद होतो. प्लग काढून ठेवला तरी चालतं. उठायला थोडा जास्त वेळ लागतो, पण काम जिथे सोडलं तिथूनच सुरू.

३. हायब्रिड स्लीप : वरचे दोन्ही एकत्र. वीज राहिली तर लगेच उठतो, गेली तर डिस्कवरून उठतो. डेस्कटॉपसाठी केलेली सोय.

४. शटडाऊन : हा शब्द सगळ्यांना कळतो असं वाटतं, पण इथे एक गंमत आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' आला. त्यात शटडाऊन केल्यावर तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा हायबरनेटसारखा डिस्कवर जपून ठेवला जातो. म्हणून प्रिंटर अडला, काही विचित्र वागलं, तर शटडाऊन करून परत चालू करण्याऐवजी 'रीस्टार्ट' करा. खरी ताजी सुरुवात रीस्टार्टने होते.

थोडा इतिहास, म्हणजे हे सगळं विंडोजच्या सेटिंगमध्ये का असतं ते कळेल. १९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने एपीएम नावाची पद्धत आणली. त्यात झोपायचं कधी, उठायचं कधी, हे मुख्यतः मदरबोर्डवरचं बायोस ठरवायचं. पण माणूस टाईप करतोय की चहाला गेलाय, फाईल सेव्ह होतेय की नाही, हे बायोसला काय माहीत? म्हणून १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय आणलं आणि निर्णय ऑपरेटिंग सिस्टीमच्या हातात दिला. आजही विंडोज, लिनक्स त्याच पद्धतीवर चालतात. निर्णय घेणारा विंडोज आहे, आणि त्याला सांगणारे तुम्ही.

आता सेटिंग : कामाप्रमाणे

सगळ्या कॉम्प्युटरला एकच सेटिंग लावू नका. दुकानात प्रत्येकाचं काम वेगळं, तसं कॉम्प्युटरचंही.

*पहिला : बिलिंगचा डेस्कटॉप*

कंट्रोल पॅनलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स' उघडा. डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' वर जा. तिथे खाली हायबरनेटचा चौकोन दिसतो का बघा. तो फिकट दिसत असेल तर वरच्या 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' वर क्लिक करा, मग टिक करता येईल.

हायबरनेट दिसतच नाही? मग ते कोणीतरी बंद केलेलं असू शकतं. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधा, राईट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करा, आणि 'पॉवरसीएफजी' ही कमांड 'स्लॅश हायबरनेट ऑन' जोडून द्या. स्पेलिंग व्हिडिओमध्ये स्क्रीनवर दाखवलंय, तिथून बघून टाईप करा. याच कमांडला नुसतं 'स्लॅश ए' जोडलं तर तुमच्या मशीनवर झोपेचे कोणते प्रकार चालतात आणि कोणते चालत नाहीत याची यादी येते. चालत नसेल तर कारणही लिहिलेलं असतं.

आता 'चेंज प्लॅन सेटिंग्ज' मधून 'ॲडव्हान्स्ड' मध्ये जा. 'स्लीप' खाली 'अलाऊ हायब्रिड स्लीप' ऑन करा. स्क्रीन बंद व्हायला दहा मिनिटं ठेवा.

पण मित्रांनो, एक गोष्ट लक्षात ठेवा. हे सगळं संकटकाळासाठी आहे. रोज दुकान बंद करताना कंपनी बंद करा, बॅकअप घ्या, मग शटडाऊन करा. सकाळची दोन मिनिटं वाचवायला आपण अकरा दिवस घालवले, हे वहिनींचं वाक्य आहे, माझं नाही.

*दुसरा : ज्याच्यावर सगळ्यांचा डेटा आहे तो*

वर्कशॉपमध्ये, गोडाऊनमध्ये हे नेहमी दिसतं. डेटा एका कॉम्प्युटरवर, आणि बाकीचे दोन-तीन नेटवर्कवरून त्याच्यावर काम करतात. त्या कॉम्प्युटरवर बसणारा माणूस जेवायला गेला, अर्ध्या तासाने मशीन झोपलं आणि आत स्टोअरमधल्या मुलाची एंट्री मधेच अडकली. मग "नेटवर्क खराब आहे" म्हणून केबल बदलतात, राऊटर बदलतात. केबल चांगलीच असते.

या कॉम्प्युटरला स्लीप 'नेव्हर' आणि हायबरनेट 'नेव्हर'. फक्त स्क्रीन बंद होऊ द्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, 'पॉवर मॅनेजमेंट' टॅब, आणि 'अलाऊ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस' ची टिक काढा. संध्याकाळी शेवटचा माणूस निघताना शटडाऊन.

लाईट आल्यावर तो आपोआप चालू व्हावा की नाही, हे मात्र विंडोजमध्ये नसतं, बायोसमध्ये असतं. 'एसी पॉवर लॉस' किंवा तशा नावाचा पर्याय शोधा. लाईट सारखी ये-जा करणाऱ्या भागात मी तो 'ऑफ' ठेवायला सांगतो. नाहीतर मशीन उठतं, पडतं, उठतं, पडतं.

*तिसरा : सेवा केंद्र आणि डिजिटल सही*

आधारसाठी बोटांचे ठसे घेणारं मशीन मधेच 'डिव्हाइस नॉट फाऊंड' दाखवतं. डिजिटल सहीचं टोकन काढून परत लावावं लागतं. बारकोड स्कॅनरचा पहिला बीप वाया जातो. रांगेत म्हातारी माणसं उभी असतात आणि आपण केबल हलवत बसतो.

बऱ्याचदा कारण असतं 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड'. वापरात नसलेल्या यूएसबी उपकरणाची वीज विंडोज कमी करतं. लॅपटॉपची बॅटरी वाचवायला हे चांगलंय, पण काही उपकरणं त्यातून नीट उठत नाहीत. ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'यूएसबी सेटिंग्ज' खाली हे 'डिसेबल्ड' करा. तिथे पर्याय दिसत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब' च्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली टिक काढा. एवढं करूनही अडत असेल तर मग केबल, पोर्ट किंवा ड्रायव्हर बघा.

*चौथा : लॅपटॉप*

सेटिंग असते 'झाकण मिटलं की स्लीप'. तुम्ही झाकण मिटता, बॅगेत टाकता, ताम्हिणी उतरून माणगावच्या गिऱ्हाईकाकडे पोहोचता आणि बघता तर लॅपटॉप गरम, बॅटरी अर्धी. नव्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये 'मॉडर्न स्टँडबाय' असतो. मोबाईलसारखी अर्धवट झोप. मधे मधे जागा होऊन तो नेटवर्क बघतो, अपडेट बघतो.

प्रवासात नेत असाल तर 'व्हेन आय क्लोज द लिड' समोर बॅटरीवर असताना 'हायबरनेट' करा. प्लग लावलेला असताना स्लीप चालेल. बॅटरी रिपोर्ट हवा असेल तर वरच्याच कमांडला 'स्लॅश बॅटरीरिपोर्ट' जोडा. बॅटरी नवी असताना किती साठवायची आणि आता किती साठवते, हे दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात. सेकंडहँड लॅपटॉप घेताना विकणाऱ्यासमोरच हा रिपोर्ट काढा.

लॅपटॉप सदैव चार्जिंगला लावून दुकानात वापरत असाल, तर कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आहे का बघा. बॅटरीचं आयुष्य वाढतं.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी : उबुंटूत स्क्रीन आणि स्लीपच्या वेळा सेटिंग्जमधल्या 'पॉवर' मध्ये मिळतात, पण हायबरनेट सहसा आधीपासून चालू नसतं. म्हणून तिथे रात्री शटडाऊन हाच नियम ठेवा.

यूपीएस आहे, पण तो कॉम्प्युटरशी बोलतो का?

हा भाग नीट वाचा, कारण नव्वद मिनिटांच्या ट्रेनिंगमध्ये सगळ्यात जास्त माना इथे हलतात.

यूपीएसचं काम तुम्हाला काम करू देणं हे नाही. नीट बंद करायला वेळ देणं हे आहे. दुकानात दिसणाऱ्या साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुतेक वेळा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एक बॅटरी असते. म्हणजे ८४ वॉट-अवर, आणि त्यातलीही सगळी हाताला लागत नाही. कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून शंभरएक वॉट धरले तर नवी बॅटरी वीस-पंचवीस मिनिटं देईल, दोन-तीन वर्षांनी पाचही देणार नाही. लेझर प्रिंटर तर त्याला लावूच नका.

आणि रात्री तुम्ही नसता. मग नीट बंद कोण करणार?

काही यूपीएसना मागे यूएसबी पोर्ट असतं. ती केबल कॉम्प्युटरला जोडली की बऱ्याच मॉडेलना विंडोज बॅटरीसारखं ओळखतं. डेस्कटॉपवरसुद्धा पॉवर ऑप्शन्समध्ये 'बॅटरी' हा नवा भाग दिसायला लागतो. तिथे 'क्रिटिकल बॅटरी ॲक्शन' हायबरनेट करा आणि 'क्रिटिकल बॅटरी लेव्हल' २०-२५ टक्के ठेवा. डीफॉल्ट पाचच्या आसपास असतं, पण जुनी यूपीएस बॅटरी तीस टक्क्यांवरून एकदम शून्यावर येते, पाचची वाट बघायला वेळच मिळत नाही. 'लो बॅटरी लेव्हल' त्याहून वर असू द्या, म्हणजे आधी सूचना येईल.

पोर्टच नसेल तर? स्वस्तातल्या बऱ्याच यूपीएसना नसतं. मग दोनच मार्ग : रात्री शटडाऊनची सवय, किंवा बिलिंगसाठी डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप. लॅपटॉपमध्ये यूपीएस आतच असतो. नवीन यूपीएस घ्यायला जाल तेव्हा "किती व्हीए" विचारण्याआधी "मागे यूएसबी आहे का" हे विचारा.

महिन्यातून एकदा चाचणी घ्या. सगळ्या फाईल सेव्ह करून बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा आणि घड्याळ लावा. जो आकडा येईल तो यूपीएसवर पट्टी चिकटवून तारखेसकट लिहा. लाईट गेल्यावर आपल्याकडे किती मिनिटं आहेत, हे दुकानातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

आणि बिलाचं काय?

सेटिंग लावल्याने वीजही वाचते. हिशोब सोपा आहे, स्वतः करून बघा. चालू पण रिकामा बसलेला डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून ७० वॉट धरू. संध्याकाळी आठ ते सकाळी दहा म्हणजे १४ तास. ७० गुणिले १४, ९८० वॉट-अवर, म्हणजे जवळजवळ एक युनिट. महिन्याला तीस. दुकानाचा दर सोयीसाठी दहा रुपये युनिट धरला तर महिन्याला तीनशे, वर्षाला छत्तीसशे रुपये, एका मशीनचे. तुमच्याकडे तीन असतील तर गुणाकार तुम्हीच करा. तेवढ्यात यूएसबीवाला एक चांगला यूपीएस येऊ शकतो. दर तुमच्या बिलावरून घ्या, माझ्यावर विश्वास ठेवू नका.

आजच करायची पाच कामं

१. हायबरनेट चालू आहे का बघा. नसेल तर चालू करा.
२. डेटा ठेवणारा कॉम्प्युटर कोणता ते ठरवा, त्याची स्लीप बंद करा.
३. यूपीएसच्या मागे हात घालून यूएसबी पोर्ट शोधा.
४. यूपीएसची चाचणी घेऊन मिनिटं लिहून चिकटवा.
५. बॅकअप रोज, आणि दुकानाबाहेर एक प्रत. कितीही चांगली सेटिंग बॅकअपची जागा घेत नाही.

कोणी दुरुस्तीला आलं तर "काय बदललं" हे वहीत लिहून घ्या. एका ओळीचं काम आहे. पौडच्या दुकानात ती ओळ असती, तर ही गोष्ट घडली नसती.

जाता जाता एक सांगतो. भिऱ्याला १५० मेगावॅटचा उदंचन संच आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा तो पाणी परत वर चढवतो आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज करतो. एवढा मोठा कारखाना जे करतो तेच आपल्याला टेबलावर करायचंय : हातात वेळ आहे तोवर जपून ठेवायचं, म्हणजे अडचणीत हाताशी राहतं.

त्या वहिनींनी आता दुकान बंद करायच्या कामांची यादी काऊंटरच्या आतल्या बाजूला चिकटवलीय. शटर ओढण्याआधी बॅकअपचा पेन ड्राइव्ह पर्समध्ये जातो. परवा फोनवर म्हणाल्या, "सर, काल रात्रभर लाईट नव्हती. सकाळी कळलं." लाईट गेलेली सकाळी कळावी आणि हिशोब जागेवर असावा, एवढंच तर आपल्याला हवंय.

तुमच्याकडे कोणती सेटिंग अडतेय, ते व्हिडिओखाली लिहा. भेटूया पुढच्या भागात.